तंबूतले १२९ भुंगे

तुमच्या जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसतंय का? फवारणीची बाटली हातात घेण्याआधी पाच मिनिटं थांबा. मी थांबले नव्हते. पीएचडीचा विषय मित्रकीटकांचा इतिहास, आणि घरच्या कुंडीतले मित्रकीटक मीच साबणाच्या पाण्याने धुऊन टाकले! ते कसं, हे शेवटी सांगते. आधी प्रबंधात सध्या जिच्यावर लिहितेय ती घटना.

१८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातली एक खवले कीड कॅलिफोर्नियात पोचली. आयसेरिया तिचं नाव. मागे कापसाच्या उशीसारखी अंड्यांची पिशवी घेऊन ती फांदीला चिकटून बसते आणि रस शोषते. वीस वर्षांत तिने संत्र्याच्या बागांची अशी दशा केली की बागायतदार झाडं उपटून जाळू लागले.

अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा प्रश्न साधा होता. ही कीड तिच्या माहेरी एवढा उच्छाद का मांडत नाही? तिथे तिला खाणारं कोणीतरी असणार. मग माणूस पाठवा ना! पण अमेरिकी संसदेने त्यांच्या विभागाच्या परदेश प्रवासाचा खर्चच बंद केलेला. शेवटी १८८८ च्या मेलबर्न प्रदर्शनासाठी मंजूर झालेल्या पैशांतून आल्बर्ट कोबेल यांना पाठवलं गेलं. (एका खात्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची कला तेव्हाही होती म्हणायची.)

आता पाठ्यपुस्तकं जे एका ओळीत उरकतात, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोबेल काही भुंगा आणायला गेले नव्हते. ॲडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्ड यांना या किडीच्या अंगात वाढणारी एक बारीक माशी सापडली होती, आणि रायलींची सगळी भिस्त त्या माशीवर होती. ऑक्टोबर १८८८ मध्ये ॲडलेडच्या एका बागेत कोबेल यांना एक छोटासा लाल-काळा ढालकिडा त्याच किडीवर ताव मारताना दिसला. वेडालिया. सांगितलं होतं तेवढंच आणून ते मोकळे होऊ शकले असते. पण त्यांनी तोही गोळा केला. माश्या गेल्या हजारोंनी. भुंगे पहिल्या तीन खेपांत मिळून फक्त १२९, जहाजाच्या बर्फाच्या कोठीत ठेवून.

लॉस एंजेलिसला ते उतरवून घेतले डी. डब्ल्यू. कॉकिलेट यांनी. गंमत बघा, याच कॉकिलेटनी १८८६ मध्ये संत्र्याच्या झाडावर तंबू टाकून आत सायनाइडचा वायू सोडायचे प्रयोग केले होते. आता पुन्हा झाडावर तंबू टाकला, पण आत सोडले भुंगे. एप्रिल १८८९ मध्ये तंबूची एक बाजू उघडली. जूनपर्यंत दहा हजारांवर भुंगे इतर बागांना वाटून झाले होते. लॉस एंजेलिस काउंटीतून वर्षाला संत्र्यांच्या ७०० वॅगन जायच्या, त्या एका वर्षात २,००० झाल्या असं सांगतात. सगळं श्रेय भुंग्याला द्यायला मी कचरते, पण कीड आटोक्यात आली ती त्याच्यामुळेच. बागायतदारांनी कोबेलना सोन्याचं घड्याळ दिलं आणि त्यांच्या पत्नीला हिऱ्याची कर्णफुलं.

पुढे १९४० च्या दशकात त्याच राज्यात डीडीटी फवारलं गेलं, वेडालिया मेला आणि कीड परतली.

आता माझी जास्वंद. कोबेल १८९१ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्या फेरीत त्यांनी क्रिप्टोलेमस हा आणखी एक ढालकिडा कॅलिफोर्नियात पोचवला. भारतात तो १८९८ मध्ये आणला, कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. तिथे त्याचा उपयोग झाला नाही, पण पिठ्या ढेकणावर तो छान जगला. आज आपले द्राक्षबागायतदार पिठ्या ढेकणासाठी हाच सोडतात. घोळ एवढाच, की याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या अंगावर वागवते आणि थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. मी पुसून काढल्या त्या बहुतेक याच अळ्या. कारण दोन दिवसांनी त्याच फांदीवर प्रौढ भुंगा दिसला: जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि शेपटीकडचं टोक नारिंगी.

ओळखायचं कसं? काडीने हलकेच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. अळी तुरुतुरु पळते. शिवाय तिच्या झिपऱ्या लांब असतात आणि पूर्ण वाढली की ती ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट मोठी दिसते.

फांदीवर मुंग्यांची रांग असेल, तर आधी ती तोडा. पिठ्या ढेकणातून झरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावून लावतात. मी कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवते. पाणी मात्र दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास होतात.