क्राकेनची शेपटी

३० नोव्हेंबर १८६१. तेनेरीफ बेटाजवळ ‘अलेक्तों’ या फ्रेंच जहाजाला पाण्यावर तरंगणारा अजस्र प्राणी दिसला. गोळ्या झाडल्या, फास टाकला. पण दोर शेपटीकडे घसरला आणि देह तुटून समुद्रात गेला. हाती राहिला एक तुकडा. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपर्यंत हकिगत पोहोचली, तरी काहींना ती खलाशांची थापच वाटली. गंमत अशी, की डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपने १८५७ मध्येच एका चोचीच्या आधारे या महाकाय माकुलाचे ‘आर्किट्युथिस’ असे बारसे केले होते! नॉर्वेचे कोळी ज्याला क्राकेन म्हणत, तो बहुधा हाच. कोळी खोटे बोलत नव्हते. त्यांच्याकडे फक्त मढे नव्हते. ते १८७३ मध्ये न्यूफाउंडलंडला मिळाले. मोझेस हार्वे या पाद्र्याने कोळ्यांकडून ते विकत घेतले, घरच्या न्हाणीतल्या टबावर टांगले आणि फोटो काढवला.