गोधडी, रल्ली आणि मांजर

उल्हास नदीच्या खोऱ्यांत थंडी पडते असें सांगितलें, तर मुंबईच्या किनाऱ्यावरील गृहस्थ किंचित् हसतो. त्याच्या घरीं पौषांतही पंखा बंद होत नाहीं. परंतु कल्याण ओलांडून गाडी अंबरनाथकडे आणि तेथून बदलापुराकडे निघाली, कीं समुद्र मागें राहतो आणि मलंगगड व माथेरानचे डोंगर जवळ येतात. दिवस मावळला म्हणजे डोंगरउतारावरची हवा लवकर निवते, जड होते आणि पाण्यासारखी खालच्या सपाटीवर उतरते. नदीकांठच्या खोलगट भागांत ती रात्रभर सांचून राहते. म्हणून ज्या पहाटे कुलाब्यास १८-२० अंश उष्णमान असतें, त्याच पहाटे बदलापुरास तें १२ अंशांच्या आसपास, आणि क्वचित् त्याहूनही खालीं येतें. ही थंडी काश्मीरची नव्हे, नाशिकचीही नव्हे. पण घरांतील माणसांस एका खोलींत आणून बसविण्याइतकी ती पुरेशी आहे. या खोऱ्यांतील गृहजीवनाचा इतिहास पाहूं जातां, ती ज्या वस्तूंनीं अडविली त्या वस्तूंपाशींच अधिक वेळ थांबावें लागतें.

येथील तीन गांवांचीं वयें सारखीं नाहींत. अंबरनाथ सर्वांत वडील. तेथील शिवालयांतला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून तो शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा आहे. बदलापूर हें घाटावर जाणाऱ्या वाटेवरचें गांव. प्रवासी तेथें घोडे बदलीत म्हणून तें नांव पडलें, असें लोक सांगतात. १८५६ सालीं कल्याणाहून खोपोलीच्या रोखानें आगगाडी धांवूं लागली आणि हीं गांवें मुंबईच्या हाताशीं आलीं. उल्हासनगर मात्र धाकटें. १९४९ पूर्वीं त्या नांवाचें गांवच नव्हतें. त्याची हकीकत पुढें येईल.

या भागांतील आगरी-कुणब्यांचें जुनें घर कुडाच्या भिंतींचें, शेणामातीनें सारवलेलें. पावसाळ्यासाठीं तें चांगलें. थंडीच्या वाऱ्यास मात्र कुडाच्या फटी पुष्कळ. भात झोडून झालें, वालाच्या शेंगा भरल्या, कीं अंगणांत शेकोटी पेटे. शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यांत भरून, तें उपडें घालून, भोंवतीं जाळ करून शिजविलेली पोपटी ही या दिवसांतली मेजवानी. शेकोटी विझली म्हणजे घरांत घोंगडी असे, ती घाटावरून विकत आणलेली. आणि गोधडी असे, ती घरींच झालेली.

गोधडी ही विकत आणावयाची वस्तु नव्हती. विकत आणलेलें लुगडें आधीं दहा वर्षें नेसलें जाई, मग विरे, मग त्याची गोधडी होई. खालीं एक धड लुगडें, वर एक धड लुगडें, आणि मध्यें धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे. ओटीवर तें पसरून कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवावयाचे आणि कडेकडेनें धावदोरा घालीत मध्याकडे सरकावयाचें. दोन-तीन बायका निरनिराळ्या बाजूंनीं बसल्या म्हणजे बोलतां बोलतां चौकोनांत चौकोन उमटत जात. दोरा किंचित् ओढून घेतला कीं कापडास बारीक सुरकुती पडे. ती हयगय नव्हे. त्या सुरकुत्यांत हवा अडकून राहते, आणि ऊब धरून ठेवते ती खरी अडकलेली हवाच, कापड निमित्तमात्र. हें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. फार घट्ट शिवलेली गोधडी गार लागते, इतकें मात्र प्रत्येक सासूस ठाऊक होतें.

पैठणी आणि शालू वस्तुसंग्रहालयांत जपून ठेवले आहेत. गोधडीचा जुना नमुना मिळणें कठीण, कारण ती जुनी होण्यापूर्वींच तिचें पोतेरें होई आणि पोतेऱ्याची शेवटीं राख. जें वस्त्र लग्नांत चार दिवस मिरविलें त्याचा पुरावा उरला, आणि ज्यानें शंभर हिंवाळे घर निजविलें त्याचा उरला नाहीं. स्त्रियांच्या हस्तकौशल्याचा इतिहास लिहूं पाहणाराची ही पहिली अडचण आहे.

तान्ह्या मुलास नवें कापड कधीं घालीत नसत. आजीच्या लुगड्याचें दुपटेंच त्याला हवें. नवें कापड कांजीनें ताठ असतें, जुनें शेंकडों वेळां धुवून रेशमासारखें झालेलें असतें. त्या दुपट्याबरोबर टोपडें, कुंची, झबलें, लंगोट असा बाळंतविडा माहेरीं तयार होई, आणि लेकीच्या सातव्या महिन्यापासून घरांत सुईदोरा दिसूं लागे. मुंबईस १९०८ सालीं आणि पुण्यास १९०९ सालीं सेवासदन निघालें, मुलींच्या शाळांतून शिवणटिपण विषय झाला, आणि आगगाडीच्या कांठानें राहणाऱ्या नोकरदार घरांत दोन सुयांवरचें लोकरकामही आलें. स्वेटर ही मूळची परकी वस्तु. पण ‘उलटा-सुलटा’ हे टाके बायकांच्या तोंडीं असे बसले, कीं त्यांना परकें म्हणणें आतां अवघड आहे.

हिंवाळ्याशिवाय होत नाहीं असें एकच गृहकाम निवडावयाचें झालें, तर तें संक्रांतीचा हलवा. तीळ किंवा खसखस परातींत मंद निखाऱ्यावर ठेवून, साखरेचा पाक चमचा चमचा सोडीत, बोटांनीं हलवीत राहावयाचें. हवा कोरडी व गार असेल तरच दाण्यावर काटा उमटतो; उकाडा असला तर दाणे ओले होऊन एकमेकांस चिकटतात. म्हणून पौषांतल्या पहाटे, अंधार असतांनाच, परातीपुढें बसावयाचें. एका दिवसांत हें संपत नाहीं. कित्येक पहाटे खर्ची पडतात. मग तो हलवा दोऱ्यांत ओवून हार, तोडे, बाजूबंद करावयाचे, आणि काळें वस्त्र नेसलेल्या नव्या सुनेच्या किंवा बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर ते घालावयाचे. थंडीचेंच दागिने करण्याची ही कल्पना ज्या स्त्रीस सुचली, तिचें नांव कोणास ठाऊक नाहीं.

या सर्व उद्योगाजवळ, चुलीच्या वैलापाशीं, एक प्राणी असावयाचा. मांजर माणसाजवळ आलें तें धान्यामागून. धान्य सांठलें तेथें उंदीर आला आणि उंदरामागें मांजर. सायप्रस बेटांत सुमारे ९५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याशेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. भाताच्या कोंकणपट्टींत तें घरोघर असल्यास नवल नाहीं. आपल्या समाजानें त्याला प्रेमानें राखलें कीं भयानें, हा प्रश्न आहे. आडवें गेलें तर अपशकुन. पण हातून मेलें तर सोन्याचें मांजर करून काशीस वाहिल्यावांचून पाप फिटत नाहीं. दोन्ही समजुती मिळून मांजर सुरक्षित राहिलें. बंगाल्यांत बालकांची रक्षक देवी षष्ठी, तिचें तर वाहनच मांजर. आपल्याकडील सटवाई तिचीच सख्खी. ती सहाव्या रात्रीं येते, त्या खोलीच्या दाराशीं मांजर असलें तर त्याला हांकलतांना बायका थोड्या घुटमळत असल्या पाहिजेत.

मांजरी आपल्या पिलांस सात घरें दाखविते, असें म्हणतात. सात हा आंकडा भक्तीचा. पण ती पिलें हलविते हें खरें. बोक्याचें भय, वास, गडबड, यांपैकीं कांहीं जाणवलें कीं ती एकेक पिलूं मानेशीं धरून नवी जागा गांठते. या फेऱ्यांत एखादें मागें राहतें, किंवा मांजरीच कुठें गाडीखालीं जाते, आणि गोधड्यांच्या ढिगांत डोळे न उघडलेलें पिलूं ओरडत असलेलें घरच्यांस सांपडतें. पिलाचे डोळे उघडण्यास ७ ते १४ दिवस लागतात. पहिले तीन-चार आठवडे त्याला स्वतःच्या अंगची ऊब राखतां येत नाहीं. ती आईच्या किंवा भावंडांच्या अंगाची घ्यावी लागते. बहुतेक दयाळू माणसांची चूक येथें होते. तीं प्रथम दूध आणतात. गारठलेल्या पिलाच्या पोटांत दूध पचत नाहीं, आणि पाठीवर निजवून पाजलें तर तें छातींत उतरतें. प्रथम त्याला जुन्या कापडांत गुंडाळून हळूहळू ऊब द्यावयाची. अंग कोमट झालें, कीं मग पोटावर ठेवून थेंबथेंब पाजावयाचें. पूर्वीं तें कापसाच्या बोळ्यानें पाजीत. गाईचें दूध त्यास सोसत नाहीं म्हणून आज पशुवैद्य निराळें दूध सांगतात; पण आधीं ऊब, मग दूध, हा क्रम बदललेला नाहीं. मराठींत मांजर ‘वितें’ आणि बाई ‘विणते’. व्याकरणदृष्ट्या हे दोन निरनिराळे धातु. तरी ते एकाच कोपऱ्यांत ऐकूं येत.

एक गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. मांजर चुलीच्या राखेंत बिनधोक निजतें तें चूल विझल्यावर. ज्या घरीं तें तेथें दिवसच्या दिवस निजूं शकतें, त्या घरीं काय शिजत असेल तें उघड आहे. ऊब ही गरीब घरांत वांटून घ्यावयाची गोष्ट होती, आणि तींत प्राण्यास वांटा देणें नेहमींच सोपें नव्हतें.

याच खोऱ्यांत १९४८ च्या हिंवाळ्यांत ज्यांच्याजवळ चूलही नव्हती असे लोक मोठ्या संख्येनें येऊं लागले. फाळणीनंतर सिंधमधील हिंदु कुटुंबें हळूहळू निघत होतीं. १९४८ च्या ६ जानेवारीस कराचींत दंगल झाली आणि आगबोटींवर गर्दी उसळली. मुंबईस उतरलेल्यांपैकीं पुष्कळांची रवानगी कल्याणजवळच्या लष्करी छावणींत झाली. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं बांधलेल्या त्या लांबच लांब बराकी, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत उघड्या. पांच कॅंपांत मिळून सुमारे १ लाख माणसें राहूं लागलीं. शिपायास भिंत लागत नाहीं, कुटुंबास लागते. म्हणून गोणपाट, चादरी, साड्या टांगून खोल्या पाडल्या गेल्या. एका कुटुंबाचा खोकला दुसऱ्यास, दुसऱ्याची भांडणें तिसऱ्यास ऐकूं जात. १९४९ च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीस उल्हासनगर हें नांव दिलें. नदीच्या नांवांत उल्हास होता. वस्तींत तो यावयाचा होता.

हे लोक जो प्रांत सोडून आले, तेथें कापड आणि घर यांचें नातें फार जुनें आहे. मोहेंजोदडो येथें चांदीच्या पात्राला चिकटून राहिलेले, मंजिष्ठेच्या रंगांत रंगविलेले सुती कापडाचे अवशेष सांपडले. १९३५-३६ सालीं अर्नेस्ट मॅके यांनीं त्याच सिंधमधील चन्हुदारो खणून काढलें. मणी घडविणाऱ्या कारागिरांचें तें गांव. तेथील एका विटेवर मांजराचें पाऊल उमटलेलें आहे आणि त्यावर किंचित् चढून कुत्र्याचें. वीट ओली असतां, वाळत घातलेल्या रांगेवरून, पुढें मांजर व मागें कुत्रें धांवत गेलें असावें. मांजर वांचलें कीं नाहीं हें वीट सांगत नाहीं. चार हजार वर्षांपूर्वींच्या एका कामाच्या दिवसाचा तेवढाच क्षण तींत राहिला आहे.

सिंधच्या खेड्यांत गोधडीची बहीण नांदते, तिचें नांव रल्ली. मिसळणें या अर्थाच्या शब्दापासून हें नांव आलें असें सांगतात. आपली गोधडी तुकडे पोटांत लपविते. रल्ली ते वर मांडते. लाल, काळे, पिंवळे, पांढरे तुकडे भूमितीनें जुळवून, किंवा घडी घातलेलें कापड कातरून त्याची जाळी दुसऱ्या कापडावर बसवून, ती सजवितात. मुलीच्या लग्नांत ती दिली जाते. शिकारपूर-हैदराबादच्या व्यापारी घरांपेक्षां ती खेड्यांची अधिक, हें खरें. पण छावणींत शहर आणि खेडें एका पडद्याआड आलें होतें. भरतकामाच्या वर्गांत ‘सिंधी टाका’ म्हणून जो गुंफलेला टाका शिकवितात, त्याचें माहेरही तेंच.

छावणींतील बायकांनीं जें येत होतें तेंच हातीं घेतलें. पापड लाटले, लोणचीं घातलीं, शिवण घेतलें. काल जें घरासाठीं होतें, तें आज विकण्यासाठीं करावें लागलें. एवढा फरक दिसण्यांत लहान, सोसण्यांत फार मोठा होता. शिवणयंत्रांचा तो आवाज पुढें या शहराचा धंदाच झाला, आणि मालावर ‘यू. एस. ए.’ छापून त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगण्याची विनोदी दंतकथाही त्यांतूनच निघाली. तेरा जानेवारीस सिंधी मुलें घरोघर लांकडें मागून लाल लोईची होळी पेटवीत. शेजारच्या गांवांत मराठी घरांतून बहुधा त्याच दिवशीं भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होत असे. भाषा न समजतांही शेकोटीभोंवतीं बसतां येतें.

बराकींच्या जागीं आतां इमारती आहेत; पत्ते मात्र अजून कॅंप नंबर एक ते पांच असेच सांगतात. बदलापूर-अंबरनाथच्या सदनिकांत चूल नाहीं, आणि कारखान्यांतली पातळ रजई स्वस्तांत मिळते. तरी जिन्याखालीं, गाडीच्या यंत्राच्या उबेला, पिलें सांपडतच असतात. कोणी तीं महिना-दोन महिने वाढवून, खाऊंपिऊं लागलीं म्हणजे चांगलें घर पाहून देतो. त्यांना गुंडाळावयास नवी रजई चालत नाहीं. कुठल्या तरी आजीच्या लुगड्याचा तुकडा शोधावा लागतो.

महाशिवरात्रीस अंबरनाथाची यात्रा भरते आणि थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते. मग गोधड्या गच्चीवर उन्हांत पडतात, झटकल्या जातात, घडी होऊन माळ्यावर चढतात. शेजारची मांजरी खालीं बसून तें सर्व पाहत असते, आणि दुसऱ्या दिवशीं वर जाऊन कोणती घडी सर्वांत मऊ आहे तें पायांनीं चांचपून येते.