माणगावचे यशवंतराव आणि लक्ष्मीबाई

रायगड जिल्ह्यात माणगावला एका जवानाचा पुतळा आहे. नायक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते कामी आले, तेव्हा वय अवघं २२ वर्षांचं.

ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. सगळे जवान पडले. कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले एकटे यशवंतराव. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळवलं. एवढ्यात छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याचा तो सर्वांत मोठा ब्रिटिश सन्मान. १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी पदक दिलं ते लक्ष्मीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या हाती. पदकाच्या मानपत्रात लढाईचा क्षण न् क्षण आहे, घरच्या माणसांचं मात्र एक अक्षर नाही. बचत गटात ही गोष्ट सांगितली की बायका आधी लक्ष्मीबाईंचंच विचारतात. मला तो प्रश्न लढाईइतकाच मोठा वाटतो.

आणि काळ कसला, तर शेजारच्या महाडला १९४२ साली नाना पुरोहितांच्या पुढाकाराने मोर्चा निघाला, सरकारने गोळ्या झाडल्या, माणसं हुतात्मा झाली. त्याच मुलखातली पोरं त्याच सरकारच्या पलटणीतून परदेशात लढत होती. काहींना यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. कोकणातल्या तुटपुंज्या शेतीवर घर चालत नाही. कुणी मुंबईची गिरणी गाठली, कुणी पलटण. जीव पणाला लावायची वेळ आली तेव्हा यशवंतराव सरकारसाठी नव्हे, शेजारी पडलेल्या सोबत्यांसाठी धावले असतील, असं मी समजते.

इटलीत त्यांची समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, ठावठिकाणा न लागलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांमध्ये त्यांचं नाव कोरलंय. आणि २०२३ साली मोन्तोने गावातल्या लोकांनी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं.