जुन्या चाकांचा प्रवास : कोल्हापूर आणि परतीचे भाडे

१/ गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागते. गाडीला बैल जुंपलेले, पण चाके मोटारीची. एकदा ट्रकखाली झिजून उतरलेली ही चाके बैलांमागे आली कशी? आणि इतक्या अवजड, स्वस्त वस्तूचे वाहतूकभाडे परवडले कोणाला? #थ्रेड #इतिहास

२/ आधी या वस्तूची अडचण समजून घेऊ. १०.००–२० मापाचा ट्रकचा टायर साधारण अर्ध्या क्विंटलचा असतो. त्याचा व्यास मीटरभराहून थोडा अधिक आणि मध्ये सगळी पोकळी. नवा असो वा जुना, गाडीत तो सारखीच जागा अडवतो. जुन्याचे मोल मात्र नव्याच्या मानाने फारच थोडे. म्हणून जुन्या टायरच्या व्यापारात नफा-तोटा ठरतो तो बहुधा खरेदीच्या दराने नव्हे, भाड्याने.

३/ कमी मोलाचा माल दूरवर न्यायचा कसा, हा प्रश्न दख्खनला नवा नव्हता. मराठीत त्यासाठी ‘हुंडेकरी’ हा जुना शब्द आहे. वाटेतील जकात, नाकी आणि इतर खर्च धरून एकच ठोक रक्कम ठरवायची, आणि माल मुक्कामी पोचवण्याची हमी घ्यायची, हा त्याचा धंदा. त्या ठोक रकमेला ‘हुंडाभाडे’ म्हणत. मालवाहतुकीचा व्यवसाय आज ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणून ओळखला जात असला, तरी अनेक शहरांतील जुने व्यावसायिक अजूनही स्वतःला हुंडेकरी म्हणवतात.

४/ कोल्हापूरचा माल फोंडा, बावडा, आंबा अशा घाटांनी कोकणातील राजापूर, खारेपाटण, वेंगुर्ले या बंदरांकडे उतरे. लमाणांचे तांडे आणि गाडीवान धान्य, गूळ, तंबाखू खाली नेत. वर चढताना बैलांच्या पाठी रिकाम्या ठेवणे परवडत नसे. म्हणून ते मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन परतत.

५/ मीठ ही तशी स्वस्त आणि जड वस्तू. जनावरे तिच्यासाठी मुद्दाम घाट उतरवली असती तर भाड्यानेच तिची किंमत गिळली असती. पण परतीच्या रिकाम्या पाठीवर ती देशावर सहज पोचे. येथे एक नियम हाती येतो: स्वस्त मालासाठी गाडी पाठवायची नसते, रिकाम्या परतणाऱ्या गाडीची वाट पाहायची असते. जुन्या चाकांची पुढची सारी वाटचाल याच नियमाने झाली.

६/ १८८८ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर संस्थानच्या रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला. मिरज ते कोल्हापूर हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग १८९१ मध्ये खुला झाला. पुढे १८९५ साली महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि ती गुळाची मोठी बाजारपेठ झाली.

७/ रेल्वे आली तरी भाड्याचा प्रश्न सुटला नाही, त्याचे रूप बदलले. कोल्हापूर, मिरज, पुणे हा सारा मार्ग मीटरगेज होता; मुंबई–पुणे ब्रॉडगेज. मुंबईहून निघालेला माल पुण्यात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. प्रत्येक चढ-उताराला हमाली पडे. महागड्या कापडाच्या गठ्ठ्याला ती जाणवत नाही; स्वस्त मालाला मात्र फार जाणवते. पुणे ते कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला तो १९७१ मध्ये.

८/ रेल्वेच्या दरपत्रकात काटकसरीच्या दोन वाटा होत्या. फुटकळ नगांपेक्षा पूर्ण वॅगन भरली तर दर कमी पडे. शिवाय माल ‘मालकाच्या जोखमीवर’ पाठवला तर ‘रेल्वेच्या जोखमी’पेक्षा भाडे कमी लागे. काच किंवा तेलाचा डबा मालकाच्या जोखमीवर धाडणे धाडसाचे होते. टायर ना फुटतो, ना सांडतो, ना नासतो. त्याच्या बाबतीत ही सवलत जवळजवळ फुकट मिळण्यासारखी होती.

९/ पण जुन्या टायरला मोल यायला आधी टंचाई यावी लागली. हुगळीजवळच्या साहागंज येथील डनलपच्या कारखान्यात १९३६ पासून टायर बनू लागले. १९४२ च्या आरंभी मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेले. जगाच्या रबराचा एक मोठा स्रोत तुटला. टायर नियंत्रित वस्तू झाला. पूर्वी कुंपणाबाहेर पडून राहणारा झिजका टायर राखून ठेवण्याजोगा ठरला.

१०/ युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल सरकारने विकायला काढला. त्यात वाहने होती, त्यांचे सुटे भागही होते. जुन्या वाहनांच्या भागांचा बाजार भारतात यापूर्वीही होता, पण युद्धोत्तर वर्षांत तो फोफावला. मुंबई-पुण्यात सुटे होणारे चाक कोल्हापूरच्या खेड्यापर्यंत न्यायचे कोणी, हा प्रश्न आता खऱ्या अर्थाने उभा राहिला.

११/ फुटकळ नगांसाठी एक उत्तर एस.टी.ने दिले. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे गावोगावी पोचलेल्या या गाड्यांच्या टपावर प्रवाशांच्या वळकट्यांबरोबर भाजीच्या पाट्या, नांगराचे फाळ, इंजिनाचे भाग आणि क्वचित एखादे चाकही जाई. गाडी तशीही जाणारच होती. तिच्या टपाची जागा तेवढी विकली जात होती. तत्त्व तेच, मिठाच्या पाठीचे.

१२/ घाऊक मालासाठी उत्तर होते ‘परतीचे भाडे’. कोल्हापूरचा गूळ गुजरातपर्यंत जातो; शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील ओतीव भाग पुण्याच्या वाहन उद्योगाकडे जातात. माल उतरवलेला ट्रक रिकामा परतला तरी डिझेल, चालकाचा भत्ता आणि पथकर चुकत नाहीत. म्हणून परतीला मिळेल ते भाडे मालक स्वीकारतो, आणि जाण्याच्या दरापेक्षा ते साहजिकच कमी असते.

१३/ या सवलतीची किंमत पैशांत नव्हे, वेळात मोजावी लागते. ट्रक कधी मिळेल, मिळाला तर त्यात जागा किती उरेल, हे आधी सांगता येत नाही. फळे, दूध, फुले यांना अशी प्रतीक्षा परवडत नाही. टायर आठवडाभर गोदामात पडला तरी त्याचे काही बिघडत नाही. थांबू शकणे हेच त्याचे भांडवल.

१४/ दुसरी युक्ती मांडणीची. चाक अखंड पाठवायचे नाही. टायर आणि लोखंडी डिस्क वेगळी करायची. मोठ्या टायरच्या पोटात लहान टायर बसवला की पोकळीचे भाडे वाचते. डिस्का एकावर एक रचल्या की थोड्या जागेत बरेच वजन मावते. शिवाय दोघांचे गिऱ्हाईकही निराळे: वाकलेली डिस्क मोडीच्या भावाने भट्टीकडे जाते, तर धड टायर रिमोल्डसाठी किंवा गाडीसाठी.

१५/ आता गाडीकडे येऊ. पारंपरिक बैलगाडीचे चाक सुताराचे: मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, भोवती लाकडी पाटे. त्यावर लोहार तापवून बसवी ती लोखंडी पट्टी म्हणजे ‘धाव’. टायरला मराठीने फार पूर्वीच दिलेला हा शब्द. पण अरुंद धाव मुरमाचा रस्ता कापते आणि तिने पाडलेल्या चरांत पुढच्या गाड्या अडकतात. त्या चरांना मराठीत ‘चाकोरी’ म्हणतात.

१६/ हवेचा टायर रुंद असल्याने कमी रुततो, धक्के झेलतो, आणि त्याच बैलांकडून अधिक वजन ओढून घेतो. उत्तर भारतात अशा गाडीला कंपनीच्या नावावरून सरळ ‘डनलप’ म्हणत. आपल्याकडे ती ‘टायरगाडी’ झाली. नवी चाके घेणे ज्यांना शक्य नव्हते त्यांनी जीप आणि ट्रक यांची उतरलेली चाके, कधी आसासकट, गाडीला जोडली.

१७/ कोल्हापूरला याची निकड ऊस आणतो. १९३० च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर पंचगंगा, वारणा अशा सहकारी कारखान्यांनी उसाचे क्षेत्र वाढवले. तोडलेला ऊस थांबू शकत नाही: दर तासाला त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो. जो माल थांबू शकतो त्या जुन्या टायरवर, जो थांबू शकत नाही तो ऊस स्वार झाला.

१८/ टायरमुळे किती फरक पडतो, हे कायद्यानेही नोंदवून ठेवले आहे. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत, मध्यम बांध्याच्या बैलाला दोनचाकी गाडीत हवेचे टायर नसतील तर ७०० किलो आणि असतील तर १,०५० किलो अशी मर्यादा आहे. म्हणजे केवळ चाक बदलल्याने ओझे दीडपट वाढवण्याची मुभा.

१९/ ऊसतोडीच्या व्यवहारात यातून एक वर्गवारीच तयार झाली: ‘डोकी सेंटर’, ‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’. टायर सेंटरमध्ये बैल मजुराचे, पण टायरगाडी बहुधा कारखान्याची वा मुकादमाकडून भाड्याने घेतलेली. गाडीत दोन-तीन टन ऊस भरला जातो आणि मोबदला टनावर मिळतो. त्यामुळे जास्त भरण्याचा मोह मजुराच्या गरजेतूनच येतो. कागदावरची मर्यादा आणि काट्यावरचे वजन यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

२०/ म्हणून उतारावरची टायरगाडी पाहण्यासारखी असते. रबरी चाके सहज घरंगळतात. गाडीला धड ब्रेक नसेल तर मागचे सारे वजन बैलांच्या मानेवर येते. चढाला टायरने वाचवलेले श्रम उताराला असे व्याजासकट वसूल होतात. स्वस्त वाहतुकीचा हिशेब मांडताना हा रकाना बहुधा कोराच राहतो.

२१/ आजचे पर्याय नवे दिसतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि २०१८ पासून ई-वे बिल. हुंडेकरी ज्या नाक्यांचा खर्च हुंड्यात धरत असे ते नाके कालबाह्य झाले. २०२० च्या टाळेबंदीत एस.टी.ने जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून मालवाहतूक सुरू केली.

२२/ कुरिअरचा हिशेब मात्र पोकळीला अजून माफ करत नाही. लहान मोटारीचा १४५/८० आर १२ टायर सहा किलोंच्या आसपास भरतो. पण ५४ × ५४ × १५ सेंटिमीटर हे घनफळ प्रचलित ५,००० ने भागले की भाडे पावणेनऊ किलोंचे लागते. म्हणून जुन्या चाकांचे जाणते व्यापारी आजही तावडे हॉटेलच्या चौकात परतीच्या ट्रकचीच चौकशी करतात.

२३/ लमाणाच्या बैलापासून परतीच्या ट्रकपर्यंत स्वस्त वाहतुकीचे सूत्र एकच राहिले: कोणीतरी आधीच केलेल्या प्रवासातील रिकामी जागा भरणे. पण जागा रिकामी असली तरी वजन कोणाला तरी ओढावेच लागते. परतीच्या ट्रकमध्ये ते इंजिन ओढते आणि त्याचे डिझेल हिशेबात धरले जाते. टायरगाडीत ते बैल ओढतात, आणि त्यांच्या मानेवरचा भार अजूनही कोणत्याच बिलात लिहिला जात नाही.