कॅसल हिलचा उठाव आणि सत्तेची वैधता
पेंडल हिलच्या ईशान्येस असलेल्या कॅसल हिल येथील सरकारी शेतावर ४ मार्च १८०४ रोजी बंदिवानांनी उठाव केला. त्यांत १७९८ च्या आयरिश बंडातील अनेक जण होते. ज्या राजसत्तेस त्यांनी मायदेशी संमती नाकारली, तिचाच अंमल येथेही होता. गव्हर्नर किंग यांनी लष्करी कायदा पुकारला. मेजर जॉर्ज जॉन्स्टनने वाटाघाटीच्या मिषाने पुढारी फिलिप कनिंगहॅमला पकडले. त्याला खटल्याविना फाशी देण्यात आली. विलक्षण हे, की कायदेशीर सत्तेचा हाच रक्षक २६ जानेवारी १८०८ रोजी गव्हर्नर ब्लाय यांना अटक करून स्वतः सत्ताधीश झाला. १८११ मध्ये लंडनच्या लष्करी न्यायालयाने त्याला बंडखोरीबद्दल दोषी ठरविले. शिक्षा मात्र केवळ बडतर्फीची. पुढे तो सिडनीतील आपल्या जमिनीवर परतला.