शेजार आणि बालमनाची घडण : पनवेल परिसरातील बेने इस्राएल समाजाच्या संदर्भात

प्रस्तावना

आपल्यापेक्षा वेगळ्या वंशाच्या, धर्माच्या वा जातीच्या माणसाकडे मूल कोणत्या दृष्टीने पाहते, हे घरातील शिकवणुकीइतकेच कुटुंबाच्या शेजारावरही अवलंबून असते. अमेरिकेत या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांच्या संदर्भात झाला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, केवळ संपर्काने पूर्वग्रह नाहीसे होत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि कायदा वा रूढीचे पाठबळ आवश्यक असते. हा विचार पनवेल व परिसरातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

संमिश्र वस्ती आणि मराठी संस्कार

खाडीकाठचे पनवेल हे घाटमाथा आणि मुंबई यांना जोडणारे जुने व्यापारी ठाणे होते. येथे १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. त्यापूर्वीच, १८४९ मध्ये, बेने इस्राएल समाजाने बेथ एल हे प्रार्थनामंदिर उभारले होते. अलिबागजवळच्या नौगाव येथे जहाज फुटून बचावलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. कोकणातील खेड्यांत तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, नौगावकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलाला शेजाऱ्याचे वेगळेपण दिसत होते, परंतु ते भयाचे वा द्वेषाचे कारण ठरत नव्हते. एका घरचा विश्रांतीचा दिवस शनिवार, दुसऱ्या घरचा उपवास सोमवारी, तिसऱ्या घरची विशेष नमाज शुक्रवारी, हा त्याच्या दृष्टीने जगाचा स्वाभाविक क्रम होता.

सहजीवनाची मर्यादा

तथापि या चित्राची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. ‘शनिवार तेली’ या नावात जसा शेजाऱ्याच्या धर्माचरणाचा स्वीकार आहे, तसाच त्याला जातिव्यवस्थेच्या उतरंडीत नेमून दिलेल्या स्थानाचा निर्देशही आहे. स्वतः बेने इस्राएल समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद मानला जाई व त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. याच कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. म्हणजे ज्या समाजाने दूरदेशीच्या धर्माला जागा दिली, त्याच समाजाने आपल्याच धर्मातील माणसाला पाणी नाकारले. मूल या दोन्ही गोष्टी एकाच शेजारात शिकत होते. विविधतेने त्याला सवय दिली. समतेची शिकवण मात्र त्या सवयीतून आपोआप लाभली नाही.

स्थलांतरानंतरचा अनुभव

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे धर्म एक होता, परंतु १९६० च्या दशकाच्या प्रारंभी धर्मपीठाने विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने याविरुद्ध आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. कोकणातील परधर्मीय शेजाऱ्यांनी ज्या ज्यूपणाविषयी शंका घेतली नव्हती, ते स्वधर्मीयांपुढे सिद्ध करण्याची वेळ या कुटुंबांवर आली. धर्म एक असला म्हणजे दर्जाही समान मिळतो असे नाही, हे यावरून दिसते.

समारोप

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवीन पनवेल, कळंबोली, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या आणि २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. आज अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे एका इमारतीत राहतात. रॉबर्ट पुटनम यांनी २००७ मध्ये अमेरिकेसंबंधी असे दाखविले की, वैविध्य वाढलेल्या वस्त्यांत निदान प्रारंभी तरी परस्परविश्वास घटतो. त्यामुळे संमिश्र वस्ती निर्माण झाली, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. घर भाड्याने देताना कोणाला नकार मिळतो, शाळेत कोण कोणाशेजारी बसतो, मोलकरणीसाठी वेगळा पेला ठेवला जातो काय, हे मूल पाहत असते. पनवेल परिसराचा इतिहास हेच सांगतो की, शेजार मुलाला माणसांची ओळख करून देतो. पण त्या माणसांचे मोल ते वडीलधाऱ्यांच्या वर्तनावरून ठरविते.