निवडणुकीच्या जागेवरील शस्त्र : वेस्टमिन्स्टरचें प्रकरण, इ. स. १७४१

मतदारास शस्त्राचा धाक घालूं नये, हा नियम अर्वाचीन लोकशाहीनें प्रथम केला असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो बरोबर नाहीं. इंग्लंडांत पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दींत, इ. स. १२७५ मध्यें, वेस्टमिन्स्टरचा पहिला कायदा झाला. निवडणुका मोकळेपणीं व्हाव्या, शस्त्रबळानें, द्वेषानें वा धमकीनें कोणीं त्यांत अडथळा आणूं नये, अशी राजाज्ञा त्याच्या पांचव्या कलमांत आहे. मात्र हा सारा रोख प्रजेंतील दांडग्यांवर आहे. खुद्द राजाचेच शिपाई निवडणुकीच्या जागीं उभे राहिले तर काय, हा प्रश्न त्या काळीं उद्भवला नव्हता. इंग्लंडांत खडी फौजच नव्हती.

तो उद्भवला अठराव्या शतकांत. इ. स. १७३५ च्या कायद्यानें मतदानाच्या निदान एक दिवस आधीं पलटणींनीं त्या गांवापासून दोन मैल वा अधिक दूर जावें, असें ठरलें. परंतु राजाच्या खास पहाऱ्याच्या पलटणींपुरता वेस्टमिन्स्टर व साउथवर्क यांस अपवाद ठेवला होता. वाचकांनीं हा अपवाद लक्षांत ठेवावा, कारण पुढील अनर्थ नेमका वेस्टमिन्स्टरांतच घडला.

त्या वेळीं मत उघड, सर्वांदेखत द्यावें लागे, व मतदान अनेक दिवस चाले. इ. स. १७४१ च्या मे महिन्यांत सरकारपक्षाचे लॉर्ड संडन व सर चार्ल्स वेजर यांच्या विरुद्ध ॲडमिरल व्हर्नन व चार्ल्स एडविन उभे होते. जमाव अनावर झाला, निवडणूक-अधिकाऱ्यानें मतदान मध्येंच बंद करून सरकारपक्षाचे दोघे निवडून आल्याचें जाहीर केलें, आणि जस्टिसांच्या हुकुमावरून शिपाई येऊन उभे राहिले. अधिकाऱ्याची भीति सर्वस्वीं खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. खवळलेल्या गर्दींत मतांची यादी सांभाळीत बसणें हें कांहीं सोपें काम नव्हे. परंतु त्याच्या रक्षणास आलेलें शस्त्र मतदारानें कोणत्या दृष्टीनें पाहावें? संस्कृतांत 'दंड' शब्दाचे काठी, शासन व सैन्य असे तिन्ही अर्थ होतात. ज्याच्या पाठीशीं तो उभा आहे त्यास तो आधार, ज्याच्या समोर उभा आहे त्यास धाक.

कॉमन्स सभेनें २२ डिसेंबर १७४१ रोजीं ही निवडणूक रद्द केली, आणि निवडणुकीच्या जागीं सशस्त्र सैनिकांची हजेरी हा प्रजेच्या स्वातंत्र्यावर घाला आहे असा ठराव केला. जानेवारी १७४२ मध्यें त्या जस्टिसांस सभेपुढें गुडघे टेकावयास लावून सभापतींनीं त्यांची खरडपट्टी काढली. गुप्त मतदान तेथें इ. स. १८७२ मध्यें आलें. तोंवर कोणाचें मत कोणास हें दांडग्यासही कळे व शिपायासही.

आमच्याकडे इ. स. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत १३४-ब हें कलम मागाहून घातलें गेलें. मतदानाच्या दिवशीं केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन जाणारास दोन वर्षांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही, शिवाय शस्त्र जप्त व परवाना रद्द, असें तें सांगतें. अपवाद येथेंही आहेच : निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, पोलीस व बंदोबस्तास नेमलेले लोक, तेही कामावर असतील तरच.